नसलेला रकाना

माजी विद्यार्थी संघाकडून दर दोन वर्षांनी एक फॉर्म येतो. यंदाही आला. नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, शाखा, सध्याचा हुद्दा, संस्था, मिळालेले पुरस्कार, प्रसिद्ध झालेली पुस्तकं, आणि शेवटी जरा ठळक अक्षरांत, संस्थेच्या विकासाला आपण कसा हातभार लावू इच्छिता. हुद्द्याच्या रकान्यावर तांबडी चांदणी आहे, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. नोकरी गेलेल्यानं, आजारपणामुळं घरी बसलेल्यानं तिथं काय लिहायचं, हा विचार फॉर्म बनवणाऱ्याला शिवलेला नाही.

एरवी मी हा फॉर्म पाच मिनिटांत भरून टाकतो. या वेळी अडलो, कारण महिन्याभरापूर्वीच आमच्या बॅचचा मेळावा होऊन गेला होता. दिवसा सभागृहात प्रत्येकाला दोन मिनिटं. कोण कुठं पोचलं, कोणाची मुलं काय शिकताहेत, टाळ्या, पुढचा. रात्री मात्र जुन्या हॉस्टेलच्या जिन्यावर आम्ही आठ-दहा जण बसलो. एकानं खिशातून गोळ्यांची डबी काढली. सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं आद्याक्षर. शेजारच्यानं ती हातात घेतली, गुरुवारचा खण उघडला, आतली गोळी बोटानं उलटून पाहिली आणि म्हणाला, "माझीही हीच. तुला खोकला होतो का रे हिच्यानं?" तिथून जी गाडी सुटली ती पहाटेपर्यंत थांबली नाही. एकाला दोन स्टेंट. एकाचं थायरॉइड. दिवसा सर्वांत जास्त टाळ्या घेतलेला गडी मधली दोन वर्षं नैराश्यानं अंथरूण धरून होता, आणि हे तो आमच्यापैकी कोणालाही पहिल्यांदाच सांगत होता.

मग कोणीतरी माझ्या खोलीतल्या जोडीदाराचं नाव काढलं. स्मरणिकेत त्याच्या नावापुढं 'संपर्क नाही' असं छापलं होतं. तो तीन वर्षांपूर्वी गेला, हे आमच्यातल्या एकालाच माहीत होतं. तो त्याच्या घरी जाऊन आला होता. देणगीची पत्रं तिथं अजून नेमानं येतात, म्हणाला. त्याच्याच नावानं. वहिनींनी ती सगळी एका पिशवीत घालून ठेवली आहेत. स्मरणिकेची यादी वेगळी असते आणि देणगीची वेगळी, एवढाच याचा खुलासा.

त्या जिन्यावर जे चाललं होतं ते नॉस्टॅल्जिया नव्हतं, असं माझं म्हणणं आहे. ती माहिती होती, आणि फार मोलाची. विद्यापीठं आपल्या माजी विद्यार्थ्यांना 'तुम्ही काय झालात?' एवढंच विचारतात. त्यांनी 'कसे आहात?' हेही विचारायला हवं, नेमानं विचारायला हवं आणि उत्तर जपून ठेवायला हवं. माणुसकी म्हणून तर हवंच, पण ते मी तूर्त बाजूला ठेवतो. आरोग्यसेवा ज्या दिशेनं बदलली आहे, त्यात एका माणसाचा माग तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ठेवू शकेल अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. विद्यापीठ ही त्यांतली एक आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही.

हे हवेत बोलत नाही. जिथं जिथं हा प्रश्न नेटानं विचारला गेला, तिथून वैद्यकशास्त्राला काय मिळालं याच्या नोंदी आहेत.

१९३८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्य विभागाचे प्रमुख होते आर्ली बॉक. डॉक्टर मंडळी सगळा वेळ आजाऱ्यांचा अभ्यास करतात, धडधाकट माणूस धडधाकट कसा राहतो हे कोणी पाहतच नाही, ही त्यांची तक्रार. विल्यम टी. ग्रँट नावाच्या, दुकानांच्या साखळीच्या मालकानं पैसे दिले आणि १९३९ ते १९४४ या तुकड्यांतले २६८ विद्यार्थी निवडले गेले. सुरुवातीला त्यांचं काय काय मोजलं! हाडापेराची ठेवण, मेंदूतल्या लहरी, इतकंच काय, हस्ताक्षरसुद्धा तपासलं. बांध्यावरून माणसाचं भवितव्य ओळखता येतं अशी त्या काळातल्या अनेक विद्वानांची समजूत होती. त्या मोजमापांतलं बहुतेक पुढं काही कामाला आलं नाही. कामाला आली ती साधी, कंटाळवाणी वाटणारी गोष्ट: दर दोन वर्षांनी जाणारी प्रश्नावली. आमच्या संघाचा फॉर्मही दर दोन वर्षांनीच येतो, हा निव्वळ योगायोग. पण त्या प्रश्नावलीत संसार कसा चाललाय, दारू किती होते, कामात मन लागतं का, हे विचारलेलं असे. डॉक्टरांकडून तब्येतीचे अहवाल वेगळे मागवले जात.

हे ऐंशीहून अधिक वर्षं चाललं आहे. प्रमुख बदलले, पैसे आटले, मध्यंतरी चक्क तंबाखूवाल्यांकडूनही पैसा घेतला गेला (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल), पण प्रश्न थांबले नाहीत. हाती आलेलं सत्य कोणाच्या आधी ध्यानीमनी नव्हतं. पन्नाशीत माणसाची नाती किती समाधानाची आहेत यावरून तो ऐंशीला कसा असेल याचा जितका अंदाज बांधता आला, तितका पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून बांधता आला नाही. संसार मोडण्यामागं सर्वांत मोठं कारण दारू निघालं. जॉर्ज व्हेलंट यांनी अनेक दशकं हा अभ्यास सांभाळला. त्याच्या जोडीला बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा दुसरा अभ्यास होता. ही मुलं सत्तरीला आली तेव्हा त्यांची शरीरं हार्वर्डवाल्यांच्या ऐंशीइतकी थकलेली होती. पण त्यांच्यातली जी मोजकी मुलं पदवीपर्यंत पोचली होती, त्यांची तब्येत हार्वर्डवाल्यांच्याच वेगानं उतरली, त्याहून जास्त वेगानं नाही. मोजक्यांवरून फार मोठं विधान करू नये हे मला कळतं. तरी विद्यापीठाच्या पायरीवर उभं राहून ही नोंद वाचताना जरा थांबायला होतं.

दुसरा अभ्यास माझा जास्त लाडका, कारण त्यात आमच्या बॅचचा एक जुना वाद मिटतो. राल्फ पॅफेनबार्गर हे आधी पोलिओवर काम करणारे साथरोगतज्ज्ञ. त्यांनी हार्वर्डचेच, १९१६ ते १९५० या काळात प्रवेश घेतलेले माजी विद्यार्थी धरले, टपालानं प्रश्नावल्या पाठवल्या. प्रश्न काय, तर रोज किती जिने चढता, किती चालता, कोणता खेळ खेळता. विद्यापीठाकडं या मंडळींच्या कॉलेजातल्या नोंदी होत्याच, आणि कोण कधी गेलं तेही माजी विद्यार्थ्यांच्या दप्तरात लागत होतं. म्हणजे जे दप्तर देणग्या गोळा करायला ठेवलेलं असतं, तेच इथं विज्ञानाच्या उपयोगी पडलं. १९८६ साली १६,९३६ जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. आठवड्याला चालण्या-चढण्या-खेळण्यात दोन हजार किंवा अधिक कॅलरी खर्च करणाऱ्यांचा मृत्युदर बैठ्या मंडळींपेक्षा पाव ते एक तृतीयांशानं कमी होता. आज कोणताही डॉक्टर 'आठवड्याला दीडशे मिनिटं तरी चाला' म्हणतो, त्या सल्ल्याचा पाया रचणाऱ्या अभ्यासांत हा एक आहे.

आणि तो वाद? कॉलेजच्या संघातून खेळलेले आमचे वीर अजूनही सांगतात की तेव्हा कमावलेलं शरीर जन्मभर पुरतं. पॅफेनबार्गर यांच्या १९७८ सालच्या निबंधानं याचं उत्तर देऊन टाकलं होतं. कॉलेजात मैदान गाजवलेले आणि नंतर खुर्चीत बसलेले, यांना हृदयविकारापासून काही संरक्षण मिळालं नाही. कॉलेजात कधी मैदानाकडं न फिरकलेले पण नंतर चालायला लागलेले, त्यांना मिळालं. ढाल-करंडकांच्या कपाटासमोर उभं राहून काढलेल्या फोटोवरून हे कधीही कळलं नसतं. त्यासाठी तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा जाऊन विचारावं लागतं, बाबा रे, जिना चढतोस का?

जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलिन बेडेल थॉमस यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याच बाबतीत हे केलं. १९४८ ते १९६४ पर्यंतच्या तुकड्यांतले तेराशेहून अधिक विद्यार्थी. विशीतल्या, कुठलीही तक्रार नसलेल्या पोरांचं रक्त तपासून ठेवलं आणि वाट पाहिली. १९९३ साली निष्कर्ष आला: बाविशीच्या आसपासचं कोलेस्टेरॉल पुढं पन्नाशीत होणाऱ्या हृदयविकाराची चाहूल देत होतं. हेच डॉक्टर म्हातारे झाल्यावर त्यांना विचारलं, की मेंदू कायमचा निकामी झाला आणि बरं होण्याची आशा नसली तर तुम्हाला कोणते उपचार हवेत? छातीवर दाब देऊन जीव परत आणणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, बहुतेकांनी नको म्हटलं. वेदनाशामक तेवढं द्या, म्हणाले. जे उपचार ते आयुष्यभर इतरांना देत आले, तेच स्वतःला नको होते. शेवटच्या दिवसांतल्या उपचारांबद्दलची आजची चर्चा या असल्या प्रामाणिक उत्तरांनी बदलते. आणि अशी उत्तरं माणूस कोणाला देतो? ज्यानं गेली चाळीस वर्षं विचारपूस केली आहे त्याला.

आता आरोग्यसेवेकडं येतो. गेल्या शतकात औषधं सुधारली, यंत्रं आली, आयुर्मान वाढलं. याबद्दल कुरकुर करणारा मी नाही. स्टेंट नसती तर जिन्यावरचा एक जण त्या रात्री तिथं नसता. पण आजारांचं स्वरूपही बदललं. पूर्वी रोग यायचा, आठवडाभरात माणूस बरा व्हायचा किंवा जायचा. आता रोग येतो आणि तीस वर्षं मुक्काम करतो. रोगाचा मुक्काम लांबला आणि नेमका त्याच काळात डॉक्टरचा सहवास आखूड झाला. हृदयाचा एक, साखरेचा दुसरा, गुडघ्याचा तिसरा. गाव बदललं की फाइल बदलते, विमा बदलला की दवाखाना. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं: आई कशानं गेली, कशाची ॲलर्जी, ऑपरेशन कधी. मी एका तपासणीच्या वेळी माझ्या शस्त्रक्रियेचं साल चुकीचं सांगितलं. पुढच्या तिन्ही डॉक्टरांनी तेच चुकीचं साल उतरवून घेतलं, आणि आता ते दुरुस्त होत नाही, कारण ते तीन कागदांवर आहे आणि खरं फक्त माझ्या आठवणीत.

सातत्य ही काही हळव्या लोकांची हौस नाही. २०१८ साली बावीस अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांतल्या अठरांत एकाच डॉक्टरकडं सातत्यानं जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नॉर्वेत पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण सुमारे पंचवीस टक्के कमी होतं. एवढा गुण देणारी गोळी निघाली असती तर तिची जाहिरात प्रत्येक भिंतीवर दिसली असती. ओळखीची जाहिरात कोण करणार?

माजी विद्यार्थी संघ म्हणजे डॉक्टर नव्हे, आणि त्यानं डॉक्टर होऊही नये. पण त्याच्याकडं एक विलक्षण कसब आहे: तो माणसाला हरवू देत नाही. घर बदला, देश बदला, आडनाव बदला, संघाचं पत्र तुम्हाला शोधत येतंच. ज्या दवाखान्यानं माझं पोट उघडून पाहिलं, त्याच्याकडं माझा पत्ता जुना आहे. संघाकडं ताजा. या चिकाटीमागं पैसा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तीच चिकाटी दुसऱ्या कामाला जुंपा, एवढंच माझं मागणं.

कॉलेजचं आयुष्य हे या यादीचं पहिलं पान आहे आणि तेही आपण कोरं ठेवतो. हॉस्टेल म्हणजे शेकडो तरुण शरीरं एका छपराखाली. रोगजंतूंच्या दृष्टीनं यापरती सोय नाही. १९६४ साली एपस्टाईन, बार आणि अचोंग या संशोधकांनी एक विषाणू पाहिला. तो तरुणांना होणाऱ्या ग्रंथिज्वराचं कारण आहे हे ठरवताना येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं, आजारी पडण्यापूर्वी घेऊन गोठवून ठेवलेलं रक्त निर्णायक पुरावा ठरलं. आधीच्या नमुन्यात प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रथिनं, नाहीत, आजारानंतरच्या नमुन्यात आहेत, संपला वाद. रक्त ठेवताना पुढं ते कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तोच विषाणू मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या मुळाशी असल्याचा भक्कम पुरावा २०२२ साली आला, तोही अमेरिकी सैनिकांच्या वर्षानुवर्षं जपलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून. जपून ठेवणाऱ्याला फळ असं मिळतं, साठ वर्षांनी.

शरीराचं हे, तर मनाचं काय? २०१६ साली ४३ देशांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र केले गेले. २७ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं आढळली, ११ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी उपचाराला गेले जेमतेम १६ टक्के. उद्या हेच इतरांचं नैराश्य ओळखणार आहेत. आता कल्पना करा, पहिल्या वर्षाच्या मुलाला पदवीच्या वेळचे सगळे फोटो दिसतात, कोनशिलेवरची नावं दिसतात, मेळाव्याला आलेले तुळतुळीत यशस्वी पाहुणे दिसतात. आमचा तो दोन वर्षं अंथरूण धरलेला मित्र त्यांच्यासमोर बोलला असता तर? तो बोलत नाही, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. आणि मुलगा समजतो की घसरलेला मी एकटाच.

यशोगाथा खोट्या असतात असं नाही, त्या कापलेल्या असतात. मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी सांगायला नकोत. १० ऑक्टोबर १८८५ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली. आपापल्या पोशाखात, सरळ कॅमेऱ्याकडं पाहणाऱ्या तिघी. तिघींची ओळख आपण एका शब्दात करतो, पहिल्या. पहिली हे खरंच. पण आनंदीबाई तिकडं शिकत असतानाच तब्येतीनं खंगत होत्या, १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या क्षयानं गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ओकामी १९४१ पर्यंत जगल्या. इस्लामबूली यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल फारच थोडं हाती लागतं. एका फोटोतली तीन माणसं: एक पदवीनंतर वर्षाभरात गेली, एक म्हातारी झाली, एक धुक्यात हरवली. मला वाटतं, वैद्यकीय शिक्षणाची खरी कहाणी 'पहिली' या शब्दापेक्षा या तीन वाटांत जास्त आहे. डॉक्टर होणारी मुलगी स्वतः आजारी असते तेव्हा तिची काळजी कोण घेतं, हा प्रश्न १८८५ सालचा आहे आणि अजून ताजा आहे.

यादीत नसलेल्यांचंही बोलायला हवं, नाहीतर मी वर कौतुक केलेले आकडे खोटं बोलतील. हार्वर्डचे ते २६८ जण सगळे पुरुष, सगळे गोरे. पॅफेनबार्गर यांचे सोळा हजारही पुरुषच. कारण त्या वर्गात बायकांना प्रवेशच नव्हता, आणि गोरे नसलेले अगदी मोजके होते. एडिंबरा विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सोबतिणींनी १८६९ साली वैद्यकाला नाव घातलं. पुढच्या वर्षी परीक्षेला जाताना जमावानं त्यांची वाट अडवली, चिखलफेक केली, परीक्षा चालू असताना दालनात एक मेंढी आत ढकलली. शिकवलं, पण पदवी दिली नाही. त्या सातजणींना पदव्या मिळाल्या २०१९ साली, मरणोत्तर. माजी विद्यार्थ्यांच्या यादीवर शास्त्र उभं करताना ती यादी कोणाला वगळून झाली हे विसरलं, की निष्कर्ष 'माणसाचे' म्हणून छापले जातात आणि असतात एका वर्गाच्या पुरुषांचे. आज परिस्थिती वेगळी आहे. जगभर वीस कोटींहून अधिक विद्यार्थी उच्च शिक्षण घेताहेत, अनेक देशांत मुली मुलांपेक्षा जास्त. आजची यादी ठेवली तर ती निदान पूर्वीइतकी एकांगी असणार नाही. पण जे मध्येच शिक्षण सोडून गेले त्यांनाही तिच्यात जागा हवी. आमच्या संघाच्या नियमानुसार पदवी न घेतलेला माणूस माजी विद्यार्थी ठरत नाही. जणू तो तिथं राहिलाच नाही, आमच्याबरोबर जागलाच नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मला मान्य आहे: विद्यापीठाच्या हाती एवढी खासगी माहिती द्यायची का? इतिहास पाहता, सहजासहजी देऊ नये. अमेरिकेतल्या अनेक नामांकित विद्यापीठांत, हार्वर्ड आणि येलसकट, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्या विद्यार्थ्यांचे नग्न फोटो काढले जात, देहाची ठेवण तपासण्याच्या नावाखाली. पोरं रांगेत उभी राहायची, कारण सगळेच उभे होते. नाही म्हणता येतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्या फोटोंचं पुढं काय झालं याचा गवगवा १९९५ साली झाला, तेव्हा ती पोरं आजोबा-आजी झाली होती. ॲरिझोना स्टेट विद्यापीठानं हावासुपाई या आदिवासी जमातीचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं आणि ते भलत्याच संशोधनांना वापरलं गेलं. २०१० साली सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत देऊन तडजोड करावी लागली. अमेरिकेतच २०१३ पासून रुग्ण कोणत्या विभागात होता, डॉक्टर कोण होते, एवढी माहिती रुग्णालयाच्या देणगी विभागाला त्याची वेगळी परवानगी न घेता वापरता येते. नको म्हणायची सोय आहे, पण ते रुग्णानं कळवायचं. कर्करोगातून बरा झालेला माणूस कृतज्ञ असतो, आणि कृतज्ञ माणूस देणगी देतो, असं हे गणित. गणित बरोबर असेलही. मला ते वाचून कसंसंच झालं.

म्हणून माझी पहिली अट अशी, की ज्या खोलीत देणगीचा हिशेब ठेवला जातो त्या खोलीत तब्येतीचा कागद जाता कामा नये. वेगळं दप्तर, वेगळी माणसं, आणि ती सार्वजनिक आरोग्य किंवा समाजशास्त्र शिकवणारी. तंबाखूवाल्यांचे पैसे कसे शिरतात ते वर पाहिलंच. नाव नोंदवणं ऐच्छिक, कधीही बाहेर पडण्याची मुभा, आणि 'नको' म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचं नाही. कंपनीला विकायचं नाही, विमावाल्याला तर नाहीच.

बाकी काम फार मोठं नाही. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ साली सगळ्या डॉक्टरांना पत्रं धाडली, साठ हजारांच्या घरात. प्रश्नावली मुद्दाम छोटी ठेवली, कारण डॉक्टर लांबलचक फॉर्म भरत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. विडी-सिगारेट ओढता का, किती, कधीपासून. तीन वर्षांत चित्र दिसू लागलं. पन्नास वर्षं पाठपुरावा केल्यावर, २००४ साली स्पष्ट आकडा आला: सिगारेट ओढत राहणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. चार ओळींच्या प्रश्नावलीनं हे केलं. आपल्या संघानं पाच ओळी विचाराव्यात. झोप कशी आहे, चालणं होतं का, सध्या कोणता उपचार चालू आहे, गेल्या महिन्यात मनमोकळं कोणाशी बोललात का, आणि आमच्यापैकी कोणी तुम्हाला फोन केलेला चालेल का. पाचवा प्रश्न संशोधनाचा नाही, तो माझा.

काही संघ मेळाव्याच्या दिवशी आरोग्य तपासणी ठेवतात. रांग लागते, बोट टोचलं जातं, कागद मिळतो, आणि तो कागद मेळाव्याच्या पिशवीत स्मरणिकेबरोबर घरी जाऊन पडतो. पुढच्या मेळाव्याला पुन्हा बोट. आधीच्या आकड्याशी कोणी ताडून पाहत नाही. एक सुटा आकडा काय सांगणार? साखरेचं खरं दुखणं वर्षानुवर्षांच्या चढणीत असतं, आणि ती चढण दिसायला निदान दोन टिंबं लागतात.

फॉर्म मी शेवटी भरला. हुद्द्यात जे आहे ते लिहिलं. पुरस्कारांच्या रकान्यावर चांदणी नव्हती आणि जागा भरपूर होती, म्हणून तिथं रक्तदाबाच्या गोळीचं नाव आणि ती सुरू झाल्याचं साल टाकलं. खाली जोडीदाराचं नाव, तो गेल्याची तारीख, आणि त्याच्या घरी जाणारी पत्रं कृपया बंद करावीत, असं. पाठवताक्षणी उत्तर आलं: आपल्या यशाबद्दल हार्दिक अभिनंदन, ही बातमी पुढील अंकात अवश्य प्रसिद्ध करू.

पंधरा दिवसांनी वहिनींना फोन केला. या महिन्याचं पत्र पोचलं होतं.